सात थरांखालचा रंग

टॉडमॉर्डन
४ नोव्हेंबर १९६३

प्रिय विल्फदादा,
सा. न. वि. वि.

गरम पाण्यात व्हिनेगर घालायची तुझी युक्ती चालली, पण अर्धीच. मागच्या खोलीतला वॉलपेपर म्हणजे आमच्या सासूबाई; वरून नरम पडतात, जागचं हलत नाहीत. गुलाब निघाले तर खाली पोपट, पोपटांखाली तपकिरी पट्टे. असे सात थर! तुझा मेहुणा जेफ म्हणतो, घर कागदानंच उभं आहे, सगळा काढलास तर छप्पर डोक्यावर येईल.

आता भिंतीचा जुना रंग उघडा पडलाय, जाड, दुधाळ, पापुद्रे सुटलेला. तू लिहिल्याप्रमाणे तीन आठवडे काचपेपर मारतेय. धूळ इतकी, की जॅममध्येसुद्धा कचकच लागते.

दादा, बेवची मात्र काळजी वाटते. शेगडी त्याच खोलीत, म्हणून दिवसभर माझ्यापाशीच बसते. पोरगी पांढरीफटक पडलीय. जेवत नाही, पोट दाबून रडते, चार-चार दिवस शी होत नाही. चांगली बोलायला लागली होती, तर आता नुसतं बोट दाखवते. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत आणि घर बदललं म्हणून रुसलीय. सासूबाईंच्या मते मी लाडावून ठेवलंय. भिंतीच्या पापुद्र्यांवर तेवढा तिचा जीव. ओरडले की मुठीत लपवते. सव्वादोन वर्षांची, पण लबाड आहे.

वेळ काढून दोन ओळी लिही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
डोरीन

*

हल
५ नोव्हेंबर

चि. डोरीन,
अ. आ.

सकाळीच तार केली आहे. अजून निघाली नसलीस, तर हे पत्र खाली ठेव आणि बेवला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जा.

तुझ्या भिंतीवर आहे तो सफेता. त्यात शिसं असतं. चवीला गोडसर लागतं, म्हणून मुलं खातात. डॉक्टरांसमोर शिसं हा शब्द उच्चार. पुन्हा दाताचं नाव काढलं, तरी तपासल्याशिवाय दारातून हलू नकोस. खोली बंद कर. झाडू मारू नकोस. धूळ ओल्या फडक्यानं टिप आणि ते फडकं फेकून दे.

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो असं तुला कळवलं होतं. पडलो नव्हतो. शिशानं उजवा हात मनगटापासून लोंबतो, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. रंगारी म्हणून तीस वर्षं हाच रंग घोटला. आणि तरीही काचपेपर मार, असं तुला मीच लिहिलं. हल्ली नव्या घरांचीच कामं करतो. तुझं घर किती जुनं, एवढं विचारायचंही सुचलं नाही.

पोरीचं कळव. माझ्यावर काय राग काढायचा तो नंतर काढ.

विल्फ

*

टॉडमॉर्डन
९ नोव्हेंबर

दादा,

तार हातात घेऊनच गेले. तरुण डॉक्टर घरी पाठवायला निघाला होता. मी दारात उभी राहिले आणि तू सांगितलेला शब्द म्हणाले. एक्स-रे काढला, तर आतड्यात पांढरे ठिपके, गिळलेल्या रंगाचे. गुरुवारी संध्याकाळी तिला आकडी आली. शिसं उतरावं म्हणून मांडीत दिवसातून दोनदा सुया टोचतात. आम्हाला अर्धाच तास भेटू देतात. मी निघाले की ती रडतसुद्धा नाही, नुसती बघत राहते.

जेफ म्हणतो, विल्फचा दोष नाही. मला तसं म्हणवत नाही. तार आली नसती, तर मी तिला पोटदुखीचं औषध पाजत बसले असते, हेही खरं. पण हाताचं खरं कारण दोन वर्षांपूर्वी लिहिलं असतंस, तर त्या भिंतीला मी बोट लावलं असतं का?

आत्ता येऊ नकोस.

डोरीन

*

हल
११ नोव्हेंबर

चि. डोरीन,

हात शिशानं गेला असं मालकाला कळलं असतं, तर काम गेलं असतं. म्हणून सगळ्यांना शिडीच सांगितली. माझ्याजवळ दुसरं कारण नाही.

बोलावशील तेव्हा येईन. नाही बोलावलंस, तरी बेवचं तेवढं कळवत जा.

विल्फ

*

टॉडमॉर्डन
६ जानेवारी १९६४

प्रिय विल्फदादा,
सा. न. वि. वि.

बेव नाताळच्या आधी घरी आली. खाते, पण चालताना अजून भिंत धरते. काल तीन-चार शब्द बोलली. पुढचं काय, विचारलं, तर मोठे डॉक्टर म्हणाले, शाळेत गेल्यावर कळेल. तोवर रोज तिचे शब्द मोजायचे, दुसरं काय?

काल दुपारी शेजारच्या भिंतीतून खरवडल्याचा आवाज आला. नवं जोडपं आलंय. बाईला सातवा महिना. मी बेवला काखेत घेतलं, तशीच चपलांत धावले आणि तिच्या हातातला खरवडायचा पत्रा धरला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण नवरा हसला. म्हणाला, आमचे आजोबा याच रंगाच्या घरात नव्वद वर्षं जगले. रविवारपासून ब्लोलॅम्पच्या ज्वाळेनं रंग जाळून काढणार आहे.

माझं तो ऐकणार नाही, दादा. शनिवारी पहिल्या गाडीनं ये. त्याच्यासमोर बस, दोन्ही हात टेबलावर ठेव, आणि उजवा उचलून दाखव म्हणून मी सांगेन तेव्हा प्रयत्न कर.

राग पुरता गेलेला नाही. जेवायला मात्र थांब.

तुझीच,
डोरीन