रडले मी, पण तुझ्यासाठी नव्हे

प्रिय निकांद्रो,

तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. मंगळवारचा सकाळचा कार्यक्रम तू पाहिला असशीलच. नसलास पाहिला, तर तुझ्या हालापा गावातल्या शेजारणींनी खिडकीतून ओरडून सांगितलाच असेल. एरेंदिरा टीव्हीवर ढसाढसा रडली! निकांद्रोचं नाव निघालं आणि रडली! तेव्हापासून अख्खा देश पुन्हा माझ्या प्रेमात पडलाय आणि मला मात्र घराबाहेर पाऊल टाकायची चोरी झालीय.

काल कोपऱ्यावर मक्याचे गरम तामाल आणायला गेले, तर तामालवाली दोन्या कुका चिमटा हातात धरून रडायलाच लागली. म्हणाली, "पोरी, अजून वेळ गेलेली नाही. तो एकटाच आहे ना बिचारा? जा, धर त्याचा हात." मागची रांग टाळ्या वाजवते आहे, आणि मी तिथे पन्नाशी उलटलेली, केसांना रंग लावायचा राहिलेला, पायात सपाता. दाताच्या डॉक्टरकडे गेले तर तिथेही तेच. माझ्या तोंडात त्याची दोन बोटं आणि वर आरसा, मला उत्तर देता येत नाही याची खात्री करून घेऊन तो म्हणतो, "दाढेतलं भोक मी बुजवतो हो, पण तुम्ही त्याच्या काळजाला पाडलेलं कोण बुजवणार?" चावलेच असते त्याला. आणि माझी आई! तिला ऐकू कमी येतं, पण तुझं नाव बरोबर ऐकू येतं. "एवढा देखणा, एवढा सालस मुलगा, काय धाड भरली होती गं तुला?" हे मी इतकी वर्षं ऐकतेय की आता ती जेवायला वाढताना बोलली नाही तर मला घास चुकल्यासारखं वाटतं.

सगळं एवारिस्तोसाहेबांचं पाप, आपला गाण्याचा गट त्यांनीच तर काढला. आठवतं, पहिल्याच दिवशी आपल्या सहा जणांना भिंतीला उभं करून त्यांनी उंची पाहून जोड्या लावल्या होत्या? जणू चपलाच. वर आपल्यालाच समजावत होते, "नुसत्या पोरांचा गट काढला तर पोरी येतात, नुसत्या पोरींचा काढला तर पोरं येतात. तीन पोरं, तीन पोरी घ्या, अख्खं घर येतं! आणि घरातली आई जोड्या लावत बसते." माणूस लबाड, पण खोटं बोलला नव्हता. लीमा म्हणू नकोस, बोगोता म्हणू नकोस, माद्रिदच्या त्या थंडगार सभागृहात म्हणू नकोस, सगळीकडे तेच. मुलींना चायोसारखे केस हवेत आणि तुझ्यासारखा नवरा हवा. मुलांना एफ्रेनसारखं नाचायचंय आणि माझा हात धरायचाय. आपण गायचो बरं, वाईट नव्हतो. पण लोक यायचे ते आपल्यात कोण कोणाचं हे पाहायला.

आणि तू ते मंद गाणं सुरू केलंस की सभागृहाच्या मधोमध पाहायचास. नेमका तिथेच. समोरच्या शंभर मुलींना वाटायचं, माझ्याकडे पाहतोय. मासिकवाले लिहायचे, एरेंदिराकडे पाहायची त्याला लाज वाटते. मी शेजारीच उभी असायचे, मला दिसायचं ना. सभागृहाच्या मधोमध आवाजाचं टेबल असतं आणि त्या टेबलामागे कानाला डबडी लावून उबाल्दो उभा असायचा. गाण्यात तुझा श्वास चुकला तर त्याचे खांदे वर व्हायचे. बाकी कुणाला कधीच कळलं नाही. मला ग्वादालाहाराला कळलं, तुम्ही दोघं एकाच कागदातून भाजलेलं कणीस खात बसला होतात तेव्हा. तू पांढराफटक पडलास. मी म्हणाले, मलाही एक आण.

मग गट फुटला, तू हालापाला गेलास, लग्न केलं नाहीस, आणि वर्तमानपत्रांनी निकाल लावला: एरेंदिराने झिडकारलं. तू फोनवर रडवेला होऊन विचारलंस, "एरे, मी खुलासा करू का? तुला उगाच बोल लागतो." मी म्हणाले, करू नकोस. तेव्हाचा तो काळ, तुझे वडील, रेडिओवाले, आपला देश, सगळं ठाऊक होतं मला. लीमाच्या विमानतळावर एका बाईनं मला चप्पल फेकून मारली, तेव्हाही मी गप्प बसले. आता हे उपकार म्हणून सांगत नाहीये. उबाल्दो दर नाताळला कॉफीची पिशवी पाठवायचा आणि आत चिठ्ठी: "आमच्या घरच्या खलनायिकेस." त्या कॉफीवर मी आणखी शंभर चपला खाल्ल्या असत्या.

तर आता हा पुनर्मीलनाचा तमाशा. आपलं 'रेइलेते', आपलं भिरभिरं, पुन्हा एकत्र! एफ्रेनच्या पँटचं बटण लागत नाही. चायो दर गाण्यानंतर खुर्ची मागते. नाच बसवणारी यादिरा आपण फुटलो तेव्हा जन्मलीही नव्हती, ती माझ्यावर ओरडते, "ताई, भिरभिरं आहात तुम्ही, गोल फिरा, गोल!" माझा गुडघा एकीकडे फिरतो, मी दुसरीकडे. एवारिस्तोसाहेब छातीठोक सांगत सुटलेत की निकांद्रो येणार म्हणजे येणार, आणि त्या गाण्यात म्हणे माझ्या डोक्यावर नवरीचा जाळीदार पडदा टाकायचा. मी म्हटलं, "एवारिस्तोसाहेब, या वयात पडदा लावायचा असेल तर खिडकीला लावा." ते हसले. त्यांनी पडदा आधीच शिवून घेतलाय.

सोमवारी तालमीत कर्णा सारखा किंचाळत होता. आवाजाची दोन पोरं इकडून तिकडे धावत होती, कुणाला काही सापडेना. म्हातारा मेलितोन आठवतो ना, आपल्या पेट्या उचलायचा तो? तो अजून तेच करतो. माझ्याशेजारी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "उबाल्दो असता तर डोळे मिटून सांगितलं असतं, कुठली वायर बोंबलतेय ते. मार्चमध्ये गेला बिचारा. झोपेतच." मी म्हटलं, कोण उबाल्दो? मूर्खासारखं विचारलं, जणू आपल्या ओळखीत दहा उबाल्दो आहेत. "आपला उबाल्दो! तुम्हाला ठाऊक नाही? त्लाकोताल्पानला नेला त्याला, त्याच्या गावी. मी गेलो होतो. निकांद्रोही होता की. सगळ्यांच्या मागे उभा. उबाल्दोच्या बहिणीनं विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणाला, जुना सहकारी. तिनं त्याला कॉफी दिली. सगळे गेले तरी तो तो पेला हातात धरून उभाच. प्यायला नाही."

मी एका पेटीवर बसले. तेवढ्यात यादिरा ओरडली, "ताई, उजवा पाय!" मी उठले आणि उजवा पाय टाकला. दुसरं काय करणार होते? कुणाला सांगणार होते, आणि काय म्हणून?

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो कार्यक्रम. ती मधाळ बाई, गळ्यात मोती, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "एरेंदिरा, निकांद्रो आजही त्या घरात एकटाच राहतो. तुम्हाला काहीच वाटत नाही?" बाईनं ते पाठ केलं होतं, पण पहिल्यांदाच ते खरं होतं. एकटा. त्या शब्दापाशी माझं जे फुटलं ते आवरेना. नाकाडोळ्यांतून पाणी, चेहऱ्याचा रंग मानेपर्यंत. मला ओरडून सांगायचं होतं, माणूस मेलाय हो, एक चांगला माणूस मेलाय! पण ते सांगायचा हक्क माझा नाही, तुझा आहे, म्हणून मी पदरचं एक अक्षर न बोलता नुसती रडत राहिले. आणि सगळ्यांनी डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत आणखी एका प्रयोगाची तिकिटं विक्रीला आली. एवारिस्तोसाहेबांनी माझा हात चुंबून म्हटलं, "रडावं तर असं!" मी हात साबणानं धुतला.

तुझ्यावर मी किती चिडलेय ते तुला कळायला हवं. जगाला सांगितलं नाहीस ते समजू शकते. पण मला? तुझ्या वाट्याच्या शिव्या खायला मी चालते, आणि तुझ्याशेजारी उभी राहायला चालत नाही? शनिवारी सकाळच्या बसनं मी येतेय. पडदा-बिडदा, प्रयोग, एवारिस्तो, कशाचं नाव काढणार नाही. तू स्टेजवर ये नाहीतर येऊ नकोस, माझ्या गुडघ्याला सारखंच. आईनं लग्नाकार्यात करतात तो मोलेचा रस्सा डबाभर करून दिलाय, तिला वाटतं मी मागणी घालायला चाललेय. वाटू दे. दार उघडलं नाहीस तर रस्त्यात उभी राहून आपली सगळी गाणी गाईन, सहाही आवाजांत, आणि तुझ्या शेजारणी आपलं लग्न लावूनच परत जातील. पण यायच्या आधी एक गोष्ट तुझ्या हातात कागदावर पोचायला हवी होती. इतक्या महिन्यांत लोकांनी तुझं सांत्वन केलं असेल ते माझ्यावरून, आणि तू मान डोलावली असशील. निकांद्रो, तुझा उबाल्दो गेला. फार वाईट झालं. तुझं माणूस गेलं रे. हे तुला अजून कुणीच म्हटलं नसणार, म्हणून हे पत्र.

जगाला वाटते तशी नव्हे, पण तुझीच,
एरेंदिरा