तुळस उघडी पडली त्याचं कारण

कोर्टातून आल्यावर वाचावं.

पोळ्या झाकल्या आहेत, दिवा रमा लावील. आज महिला मंडळाचं नाटक आहे आणि मी हिरण्यकशिपू आहे. दुपारची भांडी ते दिवेलागण, एवढ्याच वेळात तालमी केल्या. पूजा एकदाही चुकली नाही. विष्णूला शिव्या द्याव्या लागतात, म्हणून दुसऱ्या सकाळी दर शिवीमागे एक पान वाहते. तुळस काहून उघडी पडली, ते आपण विचारत होता ना!

माझा आवाज देवघराचा उंबरा ओलांडत नाही, असं आपण म्हणता. काल तालमीच्या वेळी शेजारच्या आशाबाई अंगणात होत्या, म्हणाल्या, “बापा, दचकली ना वं मी!”

जेवून यावं. पुरुषांनाही बोलावलं आहे. अगदी शेवटच्या रांगेत बसावं. उंबरा कुठवर आहे, ते तिथून कळेल.

— कुंदा