पाहुण्यांच्या गाडीखाली

समडोळी,
रविवार, दुपारची झोप न लागल्यामुळे

प्रिय मित्र बादशहा यास,

गोमटेशचा जय जिनेंद्र आणि सलाम, दोन्ही. यातला जो घ्यावासा वाटेल तो घे, उरलेला सुरय्यावहिनींना दे. तुझी मान कशी आहे? शेकतोस का? राहीलची परीक्षा झाली का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण खुशाल म्हणावं अशी आमच्या घरात सध्या फक्त म्हैस आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, मोबाईलवर मला ब्लॉक केलं आहेस, आणि परवा मिरजेला तुझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिलो तर माझ्या देखत एका ट्रकखाली शिरलास (ट्रक तुझ्याकडे कधीपासून यायला लागले?). म्हणून शाळेत शिकवलं होतं तसं कागदावर लिहितो आहे. श्रद्धा उद्या वहिनींकडे शिवायला टाकलेली पोलकी आणायला येणार आहे, तिच्या हातून पाठवतो. बायकांचं आपल्यासारखं नाही, त्यांचं बोलणं व्यवस्थित चालू आहे.

साताऱ्याचा तो दिवस तुला मी काय सांगू, तू तिथंच होतास. पण तू गाडीखाली होतास आणि मी बाहेर, त्यामुळे बाहेर काय घडलं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. जुनी गाडी विकायच्या जाहिरातीत नाव-पत्ता म्हणून फक्त ‘पाटील, सातारा’ एवढंच होतं (आपल्याकडे पाटील एवढ्यावरून माणूस ओळखायचा म्हणजे फडात शिरून ऊस ओळखायचा). एसटीने गेलो, लाल गाडी बघितली, माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तू मात्र अंगातला पांढरा शर्ट काढून घडी घातलीस, पोतं अंथरलंस आणि बॅटरी घेऊन खाली सरकलास. इकडे आदगोंडा पाटलांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “कुठलं म्हणायचं तुमी?” झालं! समडोळी म्हटल्याबरोबर आतून त्यांच्या मंडळी, आक्काताई, पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि कुणाची कोण करता करता त्या माझ्या आत्याच्या सख्ख्या जावेची बहीण निघाल्या. माझ्या बारशाला जेवून गेल्या होत्या म्हणे. मी रडका होतो हेही त्यांना आठवलं.

बादशहा, तुमच्यात कसं असतं मला माहीत नाही, पण आमच्यात नातं निघालं की गिऱ्हाईक तिथंच मरतं आणि त्या जागी पाहुणा जन्माला येतो. पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालायचं म्हणजे वाढलेल्या ताटातली भाजी हुंगून बघण्यासारखं. त्यात दिवस कलायला लागला. आमच्यात मावळायच्या आत जेवायचं, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे (रात्रीच्या गॅदरिंगला माझ्या वाटणीची भजी कोण खायचं?). आक्काताईंनी एकच गडबड उडवून दिली, आणि ज्या उजेडात गाडी बघायची, त्या उजेडात पानं मांडली गेली. तेवढ्यात पाटलांचं लक्ष तुझ्या पायांकडे गेलं, कारण गाडीबाहेर तुझे तेवढेच राहिले होते. ते म्हणाले, “आवं, ह्ये गाडीखाली कोण हाय?”

खरं तर ‘हा माझा जिवाचा दोस्त, मिरजेचा नामांकित मेकॅनिक, तुमच्या गाडीत काही खोट आहे का बघायला आणलाय’ असं म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण आक्काताई तुपाची वाटी घेऊन समोर उभ्या होत्या. आणि मी म्हणालो, “ड्रायव्हर हाय.” बरं, तेवढ्यावर थांबलो असतो तरी माणसात राहिलो असतो, पण गप्प बसवेना म्हणून वर म्हणालो, “त्याला सवय हाय, कुठंबी झोपतोय.”

खाली तुझी टकटक चालली होती ती बंद झाली. तू बाहेर आलास, शर्टाची घडी मोडलीस, एक-एक बटण लावलंस आणि माझ्या हातात गाडीची किल्ली देऊन म्हणालास, “साहेब, म्होरचा पत्रा जोडलेला हाय, गाडी कुठंतरी धडकल्याली हाय. आता तुमी आन् तुमची गाडी. ड्रायव्हर यष्टीनं चालला.” ‘साहेब’ हा शब्द तू मला आयुष्यात पहिल्यांदा वापरलास. आक्काताई तुझं ताट वाढून फाटकापर्यंत हाका मारत गेल्या. मी तुझ्यामागं धावायला हवं होतं. मी पानावर बसलो आणि दोनदा तूप घेतलं.

गाडी घेतली. न घेऊन सांगतो कुणाला, जेवलो होतो! आता भोगतो आहे. गाडी सारखी डावीकडे ओढते. साताऱ्याहून घरी येईपर्यंत मी स्टिअरिंग असं धरलं होतं की माझा खांदा अजून वर जात नाही. डावीकडचं दार आतून उघडत नाही. आईला हौसेने बस्तीत देवदर्शनाला नेलं, तर तिला वाटलं मी तिला मुद्दाम कोंडलंय. तिला माझ्या बाजूने ओढून काढताना तिचा गुडघा हॉर्नवर पडला तो उठेचना, आणि बस्तीतली सगळी मंडळी स्वाध्याय सोडून बाहेर आली. गावच्या स्पीडब्रेकरवर तर गाडी पोट टेकून बसते. परवा अशीच बसली आणि मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. कोंडीबा ट्रॅक्टरवरून उतरला, शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाला, “मालक, चालवायला आनलीया का उबवायला?” पाटलांना फोन केला तर ते म्हणाले, “आवं पाव्हणं, मान्सं एका अंगाला कलत्यात, ही तर गाडी हाय,” आणि नातवाच्या बारशाचं आमंत्रण दिलं. मी गेलो. बाळंतविडा घेऊन गेलो. (तुझंही सगळंच खरं ठरलं असं समजू नकोस. आवाज ऐकून तू म्हणाला होतास, इंजिन पावसाळा बघणार नाही. इंजिन ठणठणीत आहे. एकदाची बंद पडली असती तर झाकून तरी ठेवली असती.)

पण गाडीचं मला एवढं वाईट वाटत नाही. दहावीच्या सुट्टीत तुझ्या अब्बांच्या गॅरेजात भिंतीवर लाल गाडीचं चित्र होतं, आणि त्याच्यासमोर ऑइलचे डबे पालथे घालून आपण तोंडाने गिअर टाकायचो. तेव्हाच ठरलं होतं, मी चालवायची आणि तू शेजारी बसून शिव्या द्यायच्या. आता चालवतो मी, शेजारची जागा रिकामी, आणि शिव्या अख्खं गाव देतं. पण त्यात तुझी एकही नाही. मला तुझी लाज वाटली नव्हती रे. मला त्यांची भीड पडली. लाज आता वाटते, ती माझी मला.

वहिनींना नमस्कार, राहीलला आशीर्वाद.

तुझा (चालत असेल तर)
गोमटेश

ता.क. कामाचं राहूनच गेलं. गाडी विकतो आहे. येत्या रविवारी म्हसवडचं गिऱ्हाईक बघायला येतंय. त्याला तपासणीसाठी भरवशाचा माणूस हवा होता, मी तुझं नाव दिलंय. तू त्याच्या बाजूने ये. आमच्या अंगणात पोतं अंथर आणि जी खोट दिसेल ती चारचौघांत मोठ्याने सांग, माझा मुलाहिजा ठेवू नकोस.

आणखी ता.क. श्रद्धाने पत्र वाचलं आणि म्हणाली, साताऱ्यात एकदा खोटं बोललात ते काय थोडं झालं? तेव्हा खरं लिहितो. म्हसवडचं गिऱ्हाईक बिऱ्हाईक कुणी नाही. ही गाडी फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. नुसतं ‘ये’ म्हणायला तोंड राहिलं नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक उभं केलं. तू ये. गाडीकडे बघितलं नाहीस तरी चालेल.