कॉलनी या शब्दाचं गाव

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मधल्या काळात या शहराचं नावसुद्धा बदललं. तरी गेले काही दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, कणीक मळताना, बँकेत काउंटरवर बसल्यावर, आणि बोलणं काही संपेना, म्हणून आज कागद घेतला. तुम्हीच शिकवलेला एक शब्द डोक्यात घोळतोय. कॉलनी.

कन्नड गावच्या शाळेतला नववीचा वर्ग. भारत ही इंग्रजांची कॉलनी होती, असं वाक्य धड्यात येतं आणि अर्थ सांगायला तुम्ही मला उभं करता. माझे मामा नुकतेच औरंगाबादला एका नव्या कॉलनीत राहायला गेलेले, त्यामुळं मी ठामपणे सांगते, "एकसारख्या बंगल्यांची रांग, सर. पुढं तुळस असते अन् फाटकावर कुत्र्याची पाटी." वर्ग खो खो हसतो. तुम्ही हसत नाही. "चूक नाय, पण अर्धंच हाय. शब्द भेटला की आधी त्याला त्याचं गाव विचारायचं, बेटा. वडील काय करतात तुझे?" मी म्हणते, शेती. "मग हा तुमच्याच घरचा शब्द की!" आणि तुम्ही फळ्यावर लॅटिन शब्द लिहिता, कोलेरे म्हणजे जमीन कसणं, कोलोनस म्हणजे कसणारा. रोमचे शिपाई म्हातारे झाले की बादशाह त्यांना जिंकलेल्या मुलखात जमीन द्यायचा, ते तिथंच घरं बांधून नांगर धरायचे, त्या वस्तीला कोलोनिया म्हणायचे. "इंग्रजानं शब्द तोच ठेवला. फक्त नांगर आपल्या हातात दिला अन् पीक स्वतः नेलं." मी बसायचं सोडून विचारते, "पण सर, त्या शिपायांच्या आधी ती जमीन कोण कसत होतं?" तुम्ही खडू खाली ठेवता. "हा सवाल परीक्षेत नाय येणार," म्हणता. "पण विचारत जा."

पुढं मला इथं औरंगाबादला नोकरी लागली आणि एकदा दुपारी क्रांती चौकात तुम्ही अचानक समोर आलात. रिटायर झाला होतात. मुलगी शहरात दिलेली, तिच्याजवळ राहावं म्हणून सिल्लोडहून प्लॉट बघायला आला होतात. टोपी काढून तुम्ही घाम पुसला. "सकाळपासून कॉलन्या फिरतोय. प्लॉट सगळीकडं रिकामेच दिसतात, पण आपलं नाव सांगितलं की लगेच भरून जातात," असं म्हणून तुम्ही मोठ्यानं हसलात. मीही हसले. तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत गेलात, आणि शेवटपर्यंत सिल्लोडलाच राहिलात.

आता मी स्वतः कॉलनीत राहते, सर. आमच्या समोरचे आजी-आजोबा घर विकून मुलाकडं पुण्याला निघालेत. घ्यायला एक मुसलमान जोडपं तयार झालं. ती कॉलेजात शिकवते, त्याचा कापसाचा व्यापार. हे कळल्यावर सेक्रेटरी काकांनी रविवारी मंदिरापुढच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. काका तसे चांगले आहेत, माझ्या सासूबाईंना दवाखान्यात त्यांच्याच गाडीतून नेलं होतं. तेच म्हणाले, "आपलं कुणाशी वैर नाय. पण एकदा सुरू झालं की कॉलनी आपली राहत नाय."

मी उठले. यांनी मागून हात धरला, तो मी सोडवला. रोमचं, शिपायांचं, सगळं ओठांवर आलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, आपण यायच्या आधी ही जमीन कुणाची होती?"

"बिल्डरची," काका म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"इथं मका असायचा," कुणीतरी मागून म्हणालं. कुणाचा मका, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी खाकरलं, कुणी मोबाइल काढला. मग आजोबा काठी टेकत उभे राहिले. "घर माझं हाय. कुणाला द्यायचं ते मी बघीन," म्हणाले आणि घरी निघून गेले. सभा तिथंच मोडली. त्या दिवसापासून काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलंय, आणि हे जेवताना फक्त मीठ मागतात.

दोन-तीन दिवसांनी त्या बाई एकट्याच घर बघायला आल्या. मी फाटकाशी होते. त्यांनी सरळ विचारलं, "ताई, इथली माणसं कशी आहेत?" चांगली आहेत म्हणणं फार सोपं होतं. मी सभेत झालेलं सगळं सांगितलं. काकांचं आणि आजोबांचं, दोघांचंही. त्या खाली बघत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आम्ही धरूनच चाललो होतो. पाणी किती दिवसांनी येतं, ते सांगा." मला हसू फुटलं, मग त्यांनाही.

घर त्यांनी घेतलं, सर. आज सकाळी सामानाचा ट्रक आला. तो कुठं लावायचा ते ड्रायव्हरला काकांनीच ओरडून सांगितलं. काकांच्या त्या वागण्याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं. पण तुम्ही नाही, आणि हा कागद पाठवायला पत्ताही नाही. घडी करून कपाटात ठेवीन.

एक मात्र सांगते. नव्या घरात पहिल्या दिवशी चूल कुठून पेटणार, म्हणून मी दुपारी पोळ्या आणि पिठलं केलं, डबा भरला, फाटकापर्यंत गेले. काका गच्चीवर उभे होते. ते माझ्याकडं बघत होते की नाही, तेही मी नीट पाहिलं नाही. डबा पदराखाली घेतला आणि तसाच परत आपल्या घरात आणला.