रेघ नसलेली पट्टी

निमगाव सावा
बुधवार, ता. ११ डिसेंबर २०२४

चि. ऋषीस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग धरू नको. गुरुवारी तू घरातून निघून गेलास तेव्हाच लिहायला हवं होतं. फोन तू उचलत नाहीस. गोरख उद्या टेम्पो घेऊन चाकणला येतोय, त्याच्या हाती हे देतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलंमाकलं समजून घे.

घरी सगळे बरे. कांद्याला पाणी दिलं. बांधावर बिबट्याचा माग दिसला, म्हणून तुझी आजी शेळ्या लवकर आत घेते. माझा खोकला आहे तसाच आहे.

औषध संपलं म्हणून काल जिनेशच्या मेडिकलात गेलो. तुझा विषय काढायचा नव्हता, पण निघाला. तू फोनात दाखवलेला कंपनीच्या तपासणीचा तो फोटो मी कागदाच्या पिशवीवर काढून दाखवला. लघवीची डबी, तिच्यावर पाच पट्ट्या. चार पट्ट्यांत दोन-दोन रेघा, पाचवीत एकच. म्हणालो, "नातू चार नशा करतो. गांजासुद्धा."

जिनेशला हसू आलं. "आबा, उलटं वाचलं तुमी! यात दुसरी रेघ उमटली म्हंजे ती नशा नाय. जिथं उमटली न्हाई तिथंच काहीतरी घावलंय."

तुझ्या हर्षालीताईला दिवस गेले तेव्हा पट्टीत दोन रेघा दिसल्या म्हणून आपण पेढे वाटले होते. मला तेवढंच ठाऊक. त्यावरून मी शेजारच्या कुंडलिकसमोर तुला गंजेटी म्हणालो, चप्पल उचलली. तू ओरडून सांगत होतास, "आबा, गांजा नाय त्यात! एकच पट्टी हाय, अफूची. मी काय बी घेतलं नाय!"

मी ऐकलं नाही, असं आजीला सांगितलं. पण ऐकलं होतं, ऋषी. अफू हा शब्द नीट ऐकला होता. म्हणूनच गांजा, गांजा करत मोठ्यानं ओरडत राहिलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी तू खोकत होतास. मी माझी बाटली पुढे केली तर म्हणालास, "नको आबा, उद्या तपासणी हाय, कसलंच औषध नको." मला वाटलं, पोरगं साहेबासमोर खोकलं तर क्रेन चालवायच्या नोकरीवर घेणार नाहीत. आजीनं अडुळशाचा काढा केला, त्यात मी माझ्या औषधाची दोन झाकणं ओतली. काढा कडू, तुला कळलं नाही. औषध देताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, यात अफूच्या जातीचं काहीतरी आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी दिलं.

हे आजीलाही अजून सांगितलेलं नाही. तुझ्या बापाच्या माघारी तुला मी वाढवलं आणि मीच बट्टा लावला.

जिनेश म्हणतो, पट्टीला खोकल्याचं औषध आणि नशेची पूड यातला फरक कळत नाही. प्रयोगशाळेतल्या मोठ्या तपासणीत कळतो. तुझ्या लघवीचा राहिलेला नमुना कंपनीनं ठेवला असेल, त्याचीच ती तपासणी करून माग. हरकत घ्यायला शनिवारपर्यंतच मुदत आहे असं तू म्हणाला होतास. सोबत माझ्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी आणि बाटलीवरचा कागद जोडला आहे. कंपनीच्या डॉक्टरांना हे पत्रच दाखव. माझी लाज राखू नको. ते बोलावतील तर मी काठी टेकत येईन आणि तुझ्यासमोर सांगेन.

एवढं करूनही नोकरी मिळेल का, जिनेशला सांगता आलं नाही.

मला माफ कर, असं लिहिणार नाही, ते तू ठरव. पण पत्र वेळेवर पोचलं का, एवढं तरी कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर गोरखपाशी नुसतं 'पोचलं' म्हण. उद्या तो परत येईपर्यंत मी फाट्यावरच बसून राहीन.

तुला काढा पाजणारा,
गेणू आबा