मागच्या भिंतीचं भोक

९ मे
मांजलपूरला नवं काम लागलं. सोसायटीचा आतला रस्ता हातभर उंच करायचा आणि वर ब्लॉक बसवायचे. मागच्या पुरात ह्यांच्या हॉलमधी गुडघ्यापर्यंत पाणी होतं. सोफे, फ्रिज, सगळं गेलं. आता परत येऊ द्यायचं नाही म्हणून रस्ताच वर. काम उजाडताच सुरू, ऊन चढलं की बंद. मग घमेल्याला हात लावला तर चटका बसतो. मुकादम रमणभाई छत्रीखाली उभा. चालो चालो चालो.
गंमत म्हणजे ही सोसायटी आमच्याच खोलीच्या मागं. मधी फक्त भिंत. तरी कामावर जायला सगळी गल्ली फिरून मेन रोडनं जावं लागतं.

१४ मे
पत्रा तापलाय. वर ओली पोती टाकली, तासात वाळली. पोरीच्या मानेला सगळं घामोळं. रडून रडून झोपली.
सु.ला म्हणलं, चल, ही गल्ली सोडू. उन्हाळ्यात हे, पावसाळ्यात पाणी. पुण्याकडं बघू काहीतरी.
"सुरत झालं, वापी झालं. आता पुणं? तिकडं काय दुसरा सूर्य आहे का?"
बायकोपुढं बोलायची सोय नाही. तिला इथं दोन घरची कामं लागलीत, ती नाही हलणार. तिनं स्वतःच ठरवलं, खोलीत माळा करायचा. पाणी आलं की पोरगी वर. साइटवरच्या फुटक्या फळ्या मागून आणल्या. मी म्हणलं, पत्र्याला चिकटून माळा, पोरगी भाजून निघंल.
"मग खाली ठेवू? बुडायला?"
वर भाजणार, खाली बुडणार. फळ्या ठोकल्या.

२१ मे
भिंतीला लागून कोपऱ्यातला बंगला शिंदेकाकूंचा. रोज सगळ्यांना ताक देतात. बाहेर गुजराती, माझ्याशी मराठी. त्यांचे आजेसासरे इथल्या मराठी महाराजांच्या फौजेत होते म्हणे. मला विचारलं, "तू कुठला रे?"
परभणीकडचा.
"म्हणजे तिकडे पाणी नाही म्हणून निघालास, आणि आलास कुठे तर इथे!" लई हसल्या.
घर दाखवलं. प्लगाची सगळी बटणं डोक्याच्या वर घेतलीत. मिक्सर लावायला स्टुलावर चढतात. पुरात काका-काकू जिन्यात बसून होते आणि खाली पार्किंगमधी नदीतनं आलेली मगर. काका म्हणले होते, बसू दे, तिलाही कुठंतरी जायचंच आहे. काका आता नाहीत. काकू एकट्याच.

२८ मे
डोकं फिरलंय.
भिंतीच्या तळाला एक भोक आहे. आमच्या गल्लीचं पाणी त्यातून सोसायटीच्या गटारात जातं, तिथून मेन रोडला. दुसरी वाट नाही. र.भाई म्हणला, "आ बंद करी नाख. इटा ने सिमेंट."
म्हणलं, भाई, मग आमचं पाणी कुठं जाणार?
"ए मने ना पूछ. कमिटीने कह्युं छे."
कमिटीत काकू पण आहेत. गेलो त्यांच्याकडं. बराच वेळ ग्लास पुसत राहिल्या. "अरे, मागच्या वेळी पाणी तिथूनच आत आलं. पहिलं माझ्या घरात."
"काकू, जातं पण तिथूनच."
ग्लास भरून पुढं केला. ताक घेतलं नाही मी.

२९ मे
कामावर गेलो नाही. अंग दुखतंय असं कळवलं. खरं तर बॅग भरत होतो. सु.नं भरलेली बॅग उलटी केली.
"तुम्ही नाही बुजवलं तर दुसरा बुजवंल. जावा. निदान आपल्या माणसाच्या हातानं तरी होऊ द्या."
आपल्या माणसाच्या हातानं आपलीच खोली बुडवायची. वा.

२ जून
बोललो एकदाचं. कमिटी बघायला आली तेव्हा म्हणलं, बुजवू नका, पाईप टाकू. पाईपाला मोठा व्हॉल आणि वर चाक. नदी चढून गल्लीतनं पाणी तुमच्यात घुसायला लागलं की फिरवून बंद, उतरलं की उघडं. वापीला फॅक्टरीत बघितलंय मी.
र.भाई सगळ्यांपुढं, "ल्यो, साहेब एन्जिनिअर थई गया!" सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणल्या, "चाक मी सांभाळते." त्यांच्यामुळं झालं.

७ जून
पाईप बसला. मीच बसवला. घरी येऊन सांगितलं तर सु. म्हणली, "चाक कुठल्या बाजूला?"
त्यांच्या.
"आणि आपण?"
एवढा विचार केला आणि हे डोक्यातच आलं नाही. साइटवर उभा होतो, साइटवरूनच विचार केला. राहतो मात्र भिंतीच्या ह्या बाजूला मी. xxx.

११ जून
कमिटीनं चाकाला साखळी आणि कुलूप घातलं. का तर गल्लीतली पोरं भिंतीवरून येऊन फिरवतील. किल्ली काकूंकडं.
काकूंना म्हणलं, एक आम्हाला द्या. म्हणल्या, "मी दिली असती रे. कमिटी ऐकणार नाही."

१९ जुलै
रात्रभर पाऊस. काकूंनी व्हॉल बंद केला, बरोबर केलं. सकाळी नदी उतरली, पण काकू गोत्रीला भाचीकडं गेलेल्या. फोन लावला. "अगं बाई, विसरलेच. येते, रिक्षाच मिळत नाहीये!" येईपर्यंत पाणी ओटा चढून आत. पीठ गेलं. पोरगी माळ्यावर आणि सु. तिच्यासोबत वाकून बसलेली.
काकू आल्या, साडी खोचून चाक फिरवलं. भिंतीवरून हात जोडले. सु. बघत पण नव्हती.

२ ऑगस्ट
सोसायटीचं काम संपलं. र.भाईनं हालोलकडं चल म्हणलं, राहायला पत्र्याची खोली देतो. हो म्हणणार होतो. सु. म्हणली, "जावा तुम्ही. मी माळ्याला शिडी करून घेतीय."
गेलो नाही.

२६ ऑगस्ट
तीन दिवस धो धो. फोनवर मेसेज, वरच्या तलावातून पाणी सोडणार. कागदं प्लास्टिकमधी बांधून खिळ्याला टांगली. गादी माळ्यावर. गल्लीतली निम्मी माणसं शाळेत गेली. दुपारपासून पाणी भिंतीला लागून चढतंय, थोडं पाईपातून तिकडं चाललंय.
आत्ता काकू भिंतीवरून डोकावल्या. स्टुलावर उभ्या असाव्यात. "वाल्मीक, माझ्या पायरीला लागलंय. मला बंद करावंच लागेल. पोरीला दे इकडे. सुनीतालाही पाठव, माझा वरचा मजला रिकामाच आहे."
खोटं कशाला, मी काकूंच्या जागी असतो तर कधीच बंद केलं असतं.
सु. पोरीला घेऊन भिंतीपाशी गेली, कमरेला पाणी लागतंय तरी. म्हणली, "काकू, पोरगी तुमच्याकडं. किल्ली आमच्याकडं. तुम्ही आत्ता बंद करा. उघडायचं आम्ही ठरवणार."
काकू म्हणल्या, "अगं, कमिटीला..."
"कमिटीची पोरगी नाही ही."
काकू स्टुलावरून उतरल्या. फोन लावतायत का किल्ली आणतायत, इकडून कळत नाही. मी माळ्यावरून लिहितोय, मागच्या दारातून दोघी दिसतायत. सु.नं पोरीला डोक्याएवढं वर धरलंय. भिंतीपलीकडून अजून हात आले नाहीत.