शिगेचं माप

सांगली, ८ जुलै १९७४

ती. गं. भा. आत्याबाईंस,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

एस.टी. वेळेवर पोचली. वसतिगृहात खिडकीजवळची कॉट मिळाली. अध्यापिका विद्यालयाची इमारत मोठी आहे, पहिल्या दिवशी मी दोनदा चुकले. हे पत्र शेजारच्या नूरजहांभाभीच तुम्हांला वाचून दाखवणार, म्हणून त्यांनाही नमस्कार, आणि विनंती की वाचताना त्यांनी आपल्या पदरची वाक्यं घालू नयेत.

अर्जुना माझ्यावाचून झोपतो का? चार महिन्यांचं पोर सासूजवळ ठेवून शिकायला आलेली वर्गात मी एकटीच. दुपारी त्याच्या पिण्याच्या वेळेला पोलकं भिजतं, मग मी पुस्तक छातीशी धरून बसते. काल बाई म्हणाल्या, हिला वाचनाची फार ओढ दिसते.

डब्याच्या दुधाचं पुन्हा लिहिते. पाणी उकळून कोमट करायचं. बाटलीवरच्या एका रेघेला डब्यातल्या चमच्यानं एक माप पूड. बाटली, बूच रोज उकळायचं. वरचं पाणी त्याला अजिबात पाजू नका, पावसाळ्यात विहिरीचा भरवसा नसतो. तुम्ही पाच लेकरं वाढवलीत, मी काय सांगणार? पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. जम्मूहून यांचं पत्र आलं तर कळवावं.

अर्जुनाला देऊन लोभ उरेल, तेवढा माझ्यावर असावा.

आपली सून,
विजयमाला


वडगाव, २६ जुलै १९७४

चि. सौ. विजयमालेस अनेक आशीर्वाद.

(राहीकाकू बोलतात तसंच लिहिते. सुधारलं तर रागावतात. – नूरजहां)

तुजं पत्र आयकलं. हितं समदं बरं हाय. तुज्या दादल्याचं बी खुशालीचं पत्र आलं. म्हस आटलीया, बाकी घोर न्हाई. अर्जुना लय अंगानं भरलाय. हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीया. तुज्या म्हायेरच्या बिंदल्या मनगटात रुतल्या, तवा सोनाराकडनं कापून काढल्या. तू रडू नगंस, नव्या करू. आळीतल्या बाया म्हणत्यात, असं बाळसं आमी बघितलं न्हाई. पंधरा ऑगस्टला कारखान्यावर गुटगुटीत बाळांची स्पर्धा हाय. चंद्राबाईचा नातू बी जाणार हाय, पर त्यो आपल्याम्होरं काडी हाय काडी.

भूक तर अशी, बाटली संपली की पुन्यांदा भोकाड. मग दुसरी करून देते. डबा म्हैनाभर जाईल म्हणालीस, अर्ध्यातच तळ दिसला. येणाऱ्याजाणाऱ्यासंगं दुसरा धाड.

तू पोटभर जेव. अभ्यासापायी उपाशी ऱ्हाऊ नगं.

तुजी आत्याबाई

ता. क. – वहिनी, तुमचा लेक गमतीचा आहे. तोंड पुसायला ओलं फडकं नेलं की ते धरून चोखतो, सोडतच नाही. आमचे दर्जी म्हणाले, ह्याला कापडाची पारख आहे, दुकानात बसवू. – नूरजहां


सांगली, १ ऑगस्ट १९७४

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, आणि मग ओल्या फडक्याशी अडले. आत्याबाई, मामंजींचं आठवतं ना? शेवटच्या वर्षी उशाला तांब्या असायचा, घटकाघटकाला पाणी मागायचे. पायाचं बोट काढलं तेव्हा कराडच्या डॉक्टरांनी साखर असल्याचं सांगितलं होतं. आजोबाची साखर नातवाला येते का, ह्या विचारानं मी चार दिवस नीट जेवलेली नाही. तुम्ही पोटभर जेवायला बजावलंत म्हणून खरं ते सांगितलं.

लंगोटाला मुंग्या लागतात का ते बघा. मामंजींच्या वेळी तुम्हीच पहिल्यांदा ते ओळखलं होतं. आणि डबा इतक्यात कसा संपला तेही कळवा. एका रेघेला एकच माप घालता ना?

राग नसावा. मी भित्री आहे हे तुम्ही जाणताच.

आपली,
विजयमाला


वडगाव, ६ ऑगस्ट १९७४

चि. सौ. विजयमालेस आशीर्वाद.

मुंग्या न्हाईत. तीन दिस लंगोट पायरीवर टाकून राखण बसले. वंगाळ बोलू नगंस.

आन् मापाचं इचारलंस, त्याचा मातूर राग आला. रेघंला एकच घालते. पर सपाट घालीन व्हय मी? ह्या घरात जोंधळं मोजताना शीग लावल्याबिगर कुणी माप दिलं न्हाई, दारच्या भिकाऱ्याला बी न्हाई. त्यात त्यो चमचा चिमणीएवढा. त्यावर ऱ्हाईल तेवढी शीग लावते, वरनं अंगठ्यानं दाबून पुन्यांदा लावते. माज्या नातवाला मी कमी घालीन असं तुला वाटलंच कसं?

तुजी आत्याबाई

ता. क. – राग खरा आहे, पण डबा लवकर पाठवा हेही त्यांनीच सांगितलंय. – नूरजहां


सांगली, ९ ऑगस्ट १९७४

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

नूरजहांभाभी, हे पत्र सावकाश वाचा, आणि त्या उठून जाऊ लागल्या तर हात धरून बसवा.

तुमचं पत्र घेऊन मी इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. अंगठ्यानं दाबण्यापर्यंत त्या हसत होत्या. मग पत्र माझ्या हातून घेऊन ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. आत्याबाई, त्या डब्यातलं माप सपाट भरायचं असतं. सुरीच्या पाठीनं वरची शीग उतरवायची. शिगेचं दूध दाट होतं, दाट दुधानं पोराला तहान लागते. ते तहानेनं रडतं, आपण भूक समजून आणखी दाट दूध देतो. अशात जुलाब लागले तर पोर हातचं जाऊ शकतं, असं त्या म्हणाल्या.

मामंजींचं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तान्हेपणी असं चढलेलं अंग पुष्कळदा मोठेपणीही उतरत नाही, आणि ज्या घरात साखर आहे तिथं ते जपावं. हे अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, शोध चालू आहेत, असंही त्यांनी सांगितलं. पण एक गोष्ट मनात बसली. अंगावर पिणारं पोर पोट भरलं की आपणच तोंड फिरवतं. बाटलीत उरलेलं दिसतं, म्हणून आपण ते संपवायला लावतो.

ह्यात तुमचं काही चुकलं नाही. मी नुसतं "माप" लिहिलं, सपाट लिहिलं नाही. आपल्या घरात माप म्हणजे काय, हे मी रोज सुपाशी बसून बघितलं होतं. पाणी पाजू नका हेही मीच लिहिलं.

हे पत्र वाचल्याबरोबर त्याला उकळून निवलेलं पाणी चमच्यानं द्या. पुढचं दूध सपाट मापाचं. डॉक्टरीणबाईंना तो बघायचा आहे, आणि महिना लोटला तरी पुन्हा अंगावर लावून बघ म्हणाल्या. म्हणून पुढच्या रविवारी मी नाव काढून कायमची घरी येते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बाई शाळेत गेली नव्हती, शिकणं माझ्यावर थांबलं तर थांबलं.

मनाला लावून घेऊ नये. माझ्यावरचा राग पाण्याआधी काढू नये.

आपली,
विजयमाला


वडगाव, १३ ऑगस्ट १९७४

चि. सौ. विजयमालेस अनेक आशीर्वाद.

पत्र काल सांजच्याला आलं. नूरजहाननं हात धरला न्हवता, तरी मी उठले न्हाई. तू लय गोड लिवलंस, पर मला कळतंय. पानी दिलं. कसा प्याला म्हणून सांगू, चमच्याला झोंबत हुता. मग आपसूक निजला. इतके दिस पोर पानी मागत हुतं आन् मी त्याला जेवान वाढत हुते.

सपाट चमचा माज्या हातनं हुत न्हाई. सुरीनं उतरवताना पोराच्या तोंडातनं काढून घेतल्यागत वाटतं. मग नूरजहान भरती आन् मी भिंतीकडं तोंड करून बसते. स्पर्धा ऱ्हाऊ दे. चंद्राबाईला म्हणावं, घे बक्षीस.

आता आयक. नाव काढायचं न्हाई. माज्या भनीला, शालूबाईला, सांगलीत गावभागात दोन खोल्या हायत. मी अर्जुनाला घेऊन रविवारी येतीया. म्हस नूरजहान बघंल. तू शाळंतनं मधल्या सुट्टीत पळत यायचं, पोराला जवळ घ्यायचं, पळत जायाचं. आमच्या घरातली एक बाई दुसऱ्याकडनं लिवून न घेता पत्र लिवती, तिला मी घरी बसवू व्हय?

तुजी आत्याबाई

ता. क. – शेवटचं वाक्य मला टोमणा आहे. मी तरी ते लिहिलं. – नूरजहां


सांगली, १७ नोव्हेंबर १९७४

सौ. नूरजहांभाभींस सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र तुमच्या एकटीसाठी, कुणाला वाचून दाखवायचं नाही.

पहिले आठ दिवस अर्जुना मला ओळखेना. छातीशी घेतलं की पाठ ताणून रडायचा. आत्याबाई माझ्या पाठीशी बसून राहायच्या. नवव्या दिवशी धरलं. दूध आधी कमी आलं, मग वाढलं. आता डबा जेमतेम एक वेळ लागतो, शिवाय भाताची पेज आणि वरणाचं पाणी. डॉक्टरीणबाई दर महिन्याला वजन करतात. अंग थोडं झडलंय, उंची वाढलीय. पुढचं काय ते त्याच्या वाढीतच दिसेल, पण आज ठीक आहे म्हणाल्या. फडकं आता चोखत नाही, तेव्हा दर्जीभाईंनी दुसरा गडी बघावा.

काल पेज भरवताना त्यानं चौथ्या घासाला तोंड फिरवलं. वाटीत उरली होती. आत्याबाईंचा हात तसाच पुढं राहिला. मी बघत होते. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "न्हाई म्हणतोय न्हवं, मग न्हाई." एवढं बोलून उरलेली पेज माझ्या ताटात ओतली, त्यावर भात, त्यावर आणखी भात. मी तोंड फिरवलं तर म्हणाल्या, दूध पाजणारीला ते लागू न्हाई.

डब्यातला तो चिमणीएवढा चमचा त्या सुरीनं उतरवून भरायला शिकल्या आहेत, अजून ओठ दाबून. जुना रिकामा डबा आणि त्यातला चमचा मात्र त्यांनी चहाच्या पुडीला घेतलाय. आळीतलं कुणी पूड मागायला आलं की त्यानंच देतात. शीग लावून, वरून अंगठ्यानं दाबून.

म्हशीला कुरवाळावं, मुलांना आशीर्वाद. आमच्यावर लोभ करताना सुरी वापरू नये.

तुमची,
विजयमाला